पिवळ्या लारीचा नंबर

मुक्काम उमरगा,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, फसली १३५०

मेहुणे राजश्री सिद्धलिंगप्पा यांस,

उमरग्याहून महालिंगप्पाचा शरणार्थ. सोलापुरात तुम्ही सर्व खुशाल असाल, गुडघ्याला उतार पडला असेल. तुमच्या भगिनी रुद्रम्मा ठीक आहेत. मीही ईश्वरकृपेनं ठीक आहे. मोटार ठीक नाही, आणि तुम्ही उतरवलेला तिचा विमा तर मुळीच ठीक नाही.

आमच्याच ओसरीवर बसून, आमचीच सुपारी कातरत तुम्ही म्हणाला होता, "दाजी, कुणी ठोकून पळालं अन् सापडलं न्हाय, तरी कंपनी मोटार नीट करून देती." मी भोळा माणूस. तो कागद देव्हाऱ्यात ठेवला, रोज त्याला विभूती लावली. (पहिल्या पानावरची अक्षरं आता दिसत नाहीत, पण त्यात भक्तिभावाचा दोष नाही.)

चंपाषष्ठीला रुद्रम्माला घेऊन अणदूरच्या खंडोबाला गेलो. दर्शन झालं. रीतीप्रमाणं मोटारीला तेल चोपडून भंडारा थापला, दिव्यांपासून नंबराच्या पाटीपर्यंत. गावाबाहेर अर्धा कोस आलो असू, तोच मागून एक लारी आली, तीही नखशिखांत पिवळी. तिनं आमचा मडगार्ड फाडला, एक दिवा फोडला, आम्हाला चरीत लोटलं आणि गेली. थांबली नाही! मागं वळून पाहिलंसुद्धा नाही! माणूस एवढा निर्दय कसा होतो, यावर मी चरीत बसल्या बसल्या पुष्कळ चिंतन केलं. देवाचं दर्शन घेऊन आलेला माणूस हा! रुद्रम्मा शेजारी बसून मागं अणदूरकडं पाहत होती.

पोलिसांचे जमादार जैनोद्दीन आले. शेतातल्या बायाबापड्यांना विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, "पिवळी व्हती." नंबर भंडाऱ्याखाली. (जमादारांकडं त्या दिवशी आणखी एका पिवळ्या गाडीची फिर्याद होती. ती गोष्ट निराळी.) निजामी रिवाजाप्रमाणं पंचनामा उर्दूत झाला. तो तुमच्या कंपनीला धाडला, तर कचेरीतल्या कारकुनानं वाचता येत नाही म्हणून परत पाठवला. शाळेतले बशीर मास्तर यांच्याकडून मराठी करवून पुन्हा धाडला, तर आता विचारतो, पळालेल्या लारीचा नंबर काय? अहो, पळणारा चिठ्ठी ठेवून जातो काय? नंबर ठाऊक असता तर मी विम्याकडं कशाला आलो असतो, सरळ त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो नसतो? भाड्याच्या खेपा बंद आहेत, आमचं पोट त्या मोटारीवर आहे, आणि हा गृहस्थ पत्रागणिक नवा कागद मागतो. तुम्ही कचेरीत जाऊन त्याला चार शब्द ऐकवा.

लहानांस आशीर्वाद.

आपला,
महालिंगप्पा

ता.क. — कंपनीच्या छापील फॉर्मात अकरावा प्रश्न आहे : 'त्या दिवशी मोटारीकडून दुसरा अपघात झाला काय?' तो कोरा आहे. खाली 'वरील मजकूर ईश्वरसाक्ष खरा' असं लिहून सही करायची आहे. म्हणून फॉर्म आठ दिवस देव्हाऱ्यातच पडून आहे. अणदूरच्या गल्लीत, देवळातून निघताना, एका शेळीला थोडा धक्का लागला होता. रुद्रम्मा म्हणाली होती, "थांबा, ती ओरडतीया." मी म्हणालो, "जत्रंत धक्के लागायचेच." शेळी, जमादारांच्या बोलण्यातून कळलं, हरणाबाई नावाच्या एकट्या म्हातारीची. पाय मोडला आहे. विमा दुसऱ्याच्या नुकसानीलाही असतो, असं तुम्ही म्हणाला होता. त्यात शेळी बसते का, ते माझं नाव न घेता विचारावं.

ता.क. दुसरा — विचारू नये. दोन दिवस मोडून चालत अणदूरला जाऊन आलो. (मोटार मोडल्यामुळं चाल कशी असते ते कळलं.) सारं सांगितल्यावर हरणाबाई म्हणाली, "मालक, त्या लारीवाल्याला तुमी शिव्या दिल्या असतील न्हवं? म्याबी शेळी ठोकणाऱ्याला दिल्या. पर मला ठावं नव्हतं कुणाला देतीया." आमची दुभती शेळी तिच्या दारी बांधून आलो. फॉर्म सही करून सोबत जोडला आहे, अकरावा रकाना भरून. कंपनी भरपाई देवो वा न देवो, तो तसाच द्यावा.

येताना चौकीवर जाऊन जैनोद्दीन जमादारांनाही सांगितलं. त्यांनी वही उघडली, माझं नाव लिहून घेतलं आणि फार समाधानानं म्हणाले, "चला महालिंगप्पा, दोनातली एक पिवळी तरी घावली."