सुक्या सुंगटांचे डोहाळे

डिचोली,
शनिवार दुपार (सासूबाई आडव्या झाल्या आहेत)

तीर्थरूप सुमंगलामावशीस,

एक पोटातलं आणि एक बाहेरची, असे आम्हा दोघांचे तुला साष्टांग नमस्कार. (मला आता साष्टांग जमत नाही, तेव्हा माझा निम्माच धर.) तुझा गुडघा कसा आहे? माडावर चढायला माणूस मिळाला, की अजून नारळ आपापल्या मर्जीनं पडताहेत? मागची खोली ह्या वर्षी कोणाला भाड्यानं दिलीस? आणि साईशला सांग, मोटारसायकलवरून हिंडण्याआधी आईला औषध द्यायचं असतं. तो तुझा मुलगा असला तरी माझाही भाऊ आहे, म्हणून मी ओरडू शकते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा एक कान पहिल्यापासूनच सुट्टीवर, आणि फोन नेमका त्याच कानाला लावायची तुझी खोड. मी इथून ओरडले की पहिलं उत्तर शेजारच्या लक्ष्मीवैनी देतात. मनातलं बोलायचं तर कागदच बरा.

पाचवा सरत आला. ओकाऱ्या थांबल्या आणि त्यांच्या जागी अशी भूक आली आहे की भिंतीचा चुनासुद्धा मला खमंग दिसतो. पण खायचं काय? ह्या घरात माझ्या ताटावर तीन सरकारं राज्य करतात. पहिलं सासूबाईंचं. पपई नाही, अननस नाही, फणस नाही (पोराची कातडी खरखरीत होते), काजूचं बोंडू नाही (घसा बसलेलं पोर जन्मतं), कुर्ल्या नाहीत (पोर आडवं चालतं), आणि सुंगटं (निहारचा मोबाईल त्यांना कोळंबी म्हणतो) तर मुळीच नाहीत, कारण सुंगट वाकडं, म्हणून पोरही पोटात वाकडं बसणार. दुसरं सरकार निहारच्या मोबाईलचं. सकाळी त्यात लिहिलेलं असतं की मासे खाल्ल्यानं मूल हुशार होतं, आणि संध्याकाळी लिहिलेलं असतं की माशांत पारा असतो. अर्धकच्चं अंडं वाईट असं वाचून तुझ्या जावयानं अंडी अशी उकडली की एक हातातून निसटलं ते जमिनीवरून उडी मारून कपाटाखाली गेलं. तिसरं सरकार लक्ष्मीवैनींचं. पहिल्या दोघांच्या नजरेतून जे सुटतं, ते त्या कुंपणावरून मना करतात. ह्या सगळ्यांतून गाळून खाली काय उरतं? पेज. सकाळी पेज, दुपारी मुगाची आमटी, रात्री पुन्हा पेज. माझं पोर जन्मल्यावर 'आई' म्हणायच्या आधी 'पेज' म्हणेल. (तुझ्या खोलीत राहिलेली ती गोरी बाई आठवते? आठव्या महिन्यात समुद्रात पोहायची आणि बाहेर येऊन ओल्या हातानं अख्खं कलिंगड संपवायची. आम्ही ओसरीवरून बघून हसत होतो. आता मला तिचा हेवा वाटतो.)

मी चिडत नव्हते असं नाही. पण मागल्या वर्षी काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्याबद्दल ह्या घरात कोणी एक शब्द बोलत नाही, फक्त माझ्या ताटातला एकेक पदार्थ कमी करतात. म्हणून मीही गप्प बसून पेज प्यायचे.

गप्प बसले, पण मनाला कोण बांधणार? मावशी, मला तुझ्या किसमुराची आठवण यायला लागली. आणि अशी की बसमध्ये, देवळात, अंघोळीला बसले तरी. निखाऱ्यावर भाजलेली सुकी सुंगटं, तू ती तळहातावर चोळून पाखडायचीस, मग ओलं खोबरं, कांदा, चिंच, आणि शेवटी खोबरेल तेलाचा थेंब. कालवायचीस तू हातानंच. शाळेतून यायच्या वाटेवर पिंपळापाशीच मला वास यायचा आणि मी उरलेली वाट धावत यायचे. आई गेल्यावर मी तुझ्याकडे आले ना, त्या दिवशीही तू तेच केलं होतंस. 'जेव गो बाय, मागीर रडूया,' म्हणाली होतीस. तो वास मला आता इथे डिचोलीला, समुद्रापासून इतक्या लांब, झोपेत येतो. उठून बसते आणि निहार विचारतो, 'दुखतं का?' काय सांगू त्याला? दुखतंच की.

तर काल शुक्रवारी म्हापशाला तपासणी होती. निहार, सासूबाई आणि मी. बाजारात पावसाळ्याच्या बेगमीची, पुरुमेताची गर्दी. कांद्याच्या माळा, कोकमाची सोलं, मिरच्या, आणि पलीकडच्या ओळीत सुक्या मासळीवाल्या. निहार गाडी लावायला गेला, सासूबाई मिरचीवालीशी भांडण्यात रंगल्या, आणि माझे पाय मला न विचारता पलीकडे गेले. सुंगटांचा एक वाटा घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून रिपोर्टच्या फायलीत, सोनोग्राफीच्या दोन फोटोंच्या मध्ये ठेवला.

दवाखान्यात एसी. दारं-खिडक्या बंद. आधी समोरच्या बाईनं नाक मुरडलं. मग तिच्या नवऱ्यानं आपल्या चपलेचा तळ बघितला. मग नर्स बाहेर येऊन म्हणाली, 'सुकी मासळी कोणी आणली आहे का? कृपा करून बाहेर ठेवा.' कोणी हललं नाही. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे भक्तिभावानं बघत बसले. सगळ्यांत मोठ्यानं बोलल्या त्या माझ्या सासूबाई: 'कोण गे ही निर्लज्ज बायल! पोटुशी बायका बसल्यात, हिका कळना?' मी मान डोलावली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडली. आधी फोटो निघाला, मग मिशा. मग एकेक सुंगट टेबलावर घरंगळत निहारपर्यंत गेलं. मावशी, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण माझ्याच पोटात एवढं असताना ती तरी कशी घेणार! बाई मात्र हसल्या. असं हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, 'सुंगटं खायची इच्छा आहे तर खा की! नीट धुऊन, नीट शिजवून. सुकी असतील तर थोडी, मीठ फार असतं.' सासूबाई पुढे सरल्या. 'पण पोर वाकडं बसतं ना?' बाई म्हणाल्या, 'आजी, पोर वाकडंच बसतं. सरळ बसायला आत जागा कुठे आहे?'

मग सासूबाईंनी विचारायला सुरुवात केली ती थांबेनात. कच्ची पपई नको, हे त्यांचं बरोबर निघालं. मोरीसारखा मोठा मासा नको, हे मोबाईलचं बरोबर निघालं. दूध उकळून, फळं धुऊन, अंडं पुरतं शिजवून. (निहारनं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. त्या उडी मारणाऱ्या अंड्याबद्दल मी काही बोलले नाही.) फणसाचे गरे, कुर्ल्या, बोंडू, सगळं सुटलं. बाहेर लोक खोळंबले होते. आम्ही उठलो, आणि सासूबाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. पदराचं टोक पिळत एकदम हळू म्हणाल्या, 'आणि अननस?'

'अननस काय?'

'अननसाचा शिरा. मी केला होता मागल्या वर्षी. हिच्या वाढदिवसाला. दोनदा वाढला. मागीर दोन दिवसांनी...'

मावशी, मला तो शिरा आठवतही नव्हता. आणि ही बाई वर्षभर तो मनात घेऊन माझं ताट राखत होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि सासूबाईंचा हात धरला. 'शिऱ्यानं मूल जात नाही. ते तुमच्यामुळे गेलं नाही आणि हिच्यामुळेही नाही. पुष्कळदा ते राहणारच नसतं.' सासूबाई रडल्या. मी रडले. निहार खाली वाकून टेबलाखालची सुंगटं वेचत राहिला, बराच वेळ. एवढी काही ती सांडली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि किसमूर केलं. चिंच संपली होती म्हणून कैरी घातली. माझ्यासमोर बसून वाढलं. चांगलं होतं गं, खरंच चांगलं होतं. दोन घास खाल्ले आणि हात धुतला. ज्यासाठी मी इतकी चोरी केली ते ताटात आलं, कोणाची मनाई उरली नाही, आणि तरी माझी भूक होती तिथेच. मला वाटलं होतं मला सुंगटं हवी आहेत. आता कळतं, मला ती तुझी ओसरी हवी होती, तुझ्या हाताला येणारा तो वास हवा होता, आणि पिंपळापासून धावत सुटायला ते हलके पाय. ते तर आता मिळायचे नाहीत. असो.

बाकी सगळं क्षेम आहे. पोर लाथा मारतं. गुडघ्याला तेल लाव. पेज पिऊ नकोस.

तुझीच,
सेजल

ता. क. दोन घास खाऊन हात धुतला असं वर लिहिलं आहे, ते शोभा म्हणून. अख्खा वाडगा संपवला आणि मग वाडगाही चाटला. भूक होती तिथेच राहिली, हे मात्र खरं.

ता. क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. सातव्या महिन्यात इथे माझी ओटी भरणार आहेत. साईश म्हणाला, तू सामान त्याच्या हाती पाठवणार आहेस आणि स्वतः येणार नाहीस. फोनवर विचारलं की तुझे दोन्ही कान बंद होतात. मावशी, मला ठाऊक आहे. काका गेल्यापासून तू कोणाच्या ओटीला पुढे होत नाहीस, आणि माझ्या वेळी तर तुला जास्तच भीती वाटते. सासूबाईंना आज सकाळीच सांगितलं की माझी पहिली ओटी मावशी भरेल. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, 'तिका सांग, आदल्या दिवशीच यो.' तेव्हा ये. तू आल्याशिवाय मी पाटावरून उठणार नाही, आणि सातव्या महिन्यात मला उठवायला माणसं लागतील, हे लक्षात ठेव.