बॉयलर नसलेलं इंजिन

रविवार, ४ तारीख, दुपार

दादा,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहावं की 'प्रिय', या घोळात दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर नुसतं दादा लिहिलं, तेच बरं वाटलं.

एकोणीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कोणी तरी गेलं, असं तुझ्या मनात येईल म्हणून आधीच सांगते: कोणी गेलेलं नाही. बाबा आहेत. अठ्ठ्याहत्तर पुरे झाले. लाँड्री विकल्यापासून माझ्याकडेच असतात. गुडघे कुरकुरतात, पण कान अजून शाबूत आहेत. शेजारच्या मिक्सरचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय" म्हणतात आणि ते खरंच गेलेलं असतं. तुझा पत्ता आपल्या गल्लीतल्या सोडावाल्याकडून मिळाला. तू लिफ्टच्या देखभालीचं काम करतोस आणि एकटाच राहतोस, एवढंच तो म्हणाला. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. प्रश्न विचारून विचारून समोरच्याला भोकं पाडते म्हणून घरात तिला सगळे गिरमिट म्हणतात. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. बाकीची मुलं ज्वालामुखी आणि सूर्यमाला करणार आहेत. हिला इंजिन करायचं आहे, उष्णतेवर चालणारं, घरच्या घरी, डब्यांपासून. इंजिन हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. मी म्हटलं, "या घरात बॉयलर होणार नाही. लहान नाही, खेळण्यातला नाही, कसलाच नाही."

"आई, यात बॉयलर नाहीच मुळी," ती म्हणाली. "वाफ नाही. आत नुसती हवा असते."

"तरी नाही."

"का पण?"

मी करपलेली पोळी उलटली. मग तिने विचारलं, आजोबांचा हात नक्की कशाने भाजला? आजवर "वाफेने" एवढ्यावर तिचं भागत होतं, आता भागेना. तेव्हा घरात जे सांगितलं जातं तेच मी तिला सांगितलं.

असो. जे झालं ते झालं. तुला लिहायचं कारण एवढंच की बाबांचा राग आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. तुझं नाव निघालं तर उठून जात नाहीत. हे तुला कळावं असं वाटलं.

तब्येतीला जप. पत्र उद्या टाकते.

तुझी धाकटी


शनिवार, १७ तारीख

दादा,

आधीचं पत्र टाकलं नाही. पाकिटात घालून, चिकटवून, डाळीच्या डब्यामागे ठेवलंय. वाचल्यावर वाटलं, यात सगळं खरं आहे आणि तरी काहीच खरं नाही. हे दुसरंही कदाचित तिथेच जाईल. पण लिहिते.

इंजिनाला मी शेवटी हो म्हटलं. म्हणजे मी नाही, बाबांनी. त्यांनी गिरमिटला जवळ बसवून वहीतलं चित्र बघितलं, दोनदा बघितलं, आणि मला म्हणाले, "यात फुटण्यासारखं काही नाही. फार तर फुगा फाटेल. करू दे तिला."

तू समोर असतास तर तुला हे सांगावं लागलं नसतं, तू माझ्याआधी ओळखलं असतंस. एक रिकामा पत्र्याचा डबा, वरून बंद. खाली मेणबत्ती. आत भांडी घासायच्या तारेचा गुंडाळून केलेला हलका गट्टू, डब्याच्या कडांना न घासता वरखाली होणारा. गट्टू वर गेला की हवा खाली गरम तळाशी येते आणि फुगते. खाली आला की हवा वर गार बाजूला जाते आणि आकसते. डब्याच्या कुशीला एक नळी, नळीच्या तोंडावर ताणून बसवलेला फुग्याचा तुकडा. तो श्वास घेतल्यासारखा पुढेमागे होतो आणि सायकलच्या स्पोकचा वाकवलेला दांडा फिरवतो. दांड्याच्या टोकाला चाक म्हणून जुन्या गाण्यांच्या तीन सीड्या. गिरमिट हे सगळं एका दमात म्हणते. आता झोपेत उठवलं तर मलाही म्हणता येईल.

दहा दिवस ते फिरलं नाही. आधी नळीच्या सांध्यातून हवा गळत होती. मग गट्टू डब्याला घासत होता. मग स्पोकचे दोन बाक, एक गट्टूसाठी आणि एक फुग्यासाठी, एकाच बाजूला झाले होते. ते एकमेकांना काटकोनात लागतात म्हणे. गिरमिटने पाच स्पोक वाकवून फेकले. सायकलवाला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात सायकल आहे तरी का?"

परवा ते पहिल्यांदा हललं. सीड्या आठ-दहा वेळा फिरल्या आणि थांबल्या. पुन्हा ढकललं, चार वेळा फिरल्या. मग काहीच नाही. गिरमिटने दुसरी मेणबत्ती लावली, तर ते ढिम्म. ती रडकुंडीला आली. बाबा इतका वेळ खुर्चीतून बघत होते. उठले, डब्याच्या झाकणाला डाव्या हाताचं बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"खालून तापवतेस ते दिसतंय," म्हणाले. "वरून गार कोण करणार? दोन्ही बाजू तापल्यावर हवेने जायचं कुठे?"

गिरमिटने स्वतःही झाकणाला बोट लावून बघितलं. मग फ्रीजकडे पळाली. झाकणावर कणकेची कड केली, आत पाणी आणि बर्फ. सीड्यांना बोटाने धक्का दिला. आणि दादा, ते फिरायला लागलं. टिकटिक, टिकटिक, न थांबता. बाबांनी खुर्ची ओढून इंजिनाजवळ घेतली. ते आवाज ऐकत होते, तुला माहीत आहे ते कसे ऐकतात, मान एका बाजूला करून. बारा मिनिटं चाललं. नंतर बाबा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्याला आवडलं असतं हे."

"कोणाला?" गिरमिटने विचारलं.

"तुझ्या मामाला. हात चांगला होता त्याचा. नुसता आगाऊपणा नडला."

मी बर्फाचा ट्रे धुवायला आत गेले. बराच वेळ धूत होते.

धाकटी


गुरुवार, २९ तारीख

दादा,

हे मात्र टाकणार आहे. आधीची दोन्हीही याच पाकिटात घालते आहे, म्हणजे मी किती आडवळणं घेतली ते तुला दिसेल.

सोमवारी प्रदर्शन झालं. शाळेच्या हॉलमध्ये लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन-दोन प्रकल्प. गिरमिटच्या शेजारी ज्वालामुखी होता, त्याचा साबणाचा फेस सारखा आमच्या बाजूला येत होता. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ह्यांची बसवर ड्यूटी होती, त्यामुळे आम्ही तिघंच. परीक्षक म्हणून पाणीपुरवठ्यातल्या एक निवृत्त इंजिनिअर बाई होत्या. इंजिन चाललं. बाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "वाफेचं का नाही केलंस? सोपं गेलं असतं, ताकदही जास्त मिळाली असती."

गिरमिट म्हणाली, "आमच्या घरात बॉयलर चालत नाही. माझ्या मामाने लाँड्रीच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवला होता. त्यामुळे पाइप फुटून माझ्या आजोबांचा हात गेला. हे आजोबा." आणि तिने बोट दाखवलं. "म्हणून मी असं इंजिन निवडलं की कोणी कितीही निष्काळजी असला तरी ते फुटणार नाही."

बाई म्हणाल्या, "शाबास." आजूबाजूच्या आईबापांनी माना हलवल्या. कोणीतरी टाळी वाजवली. बाबा उजवा हात खिशात घालून उभे होते. मी हसले, दादा. त्या क्षणी माझं तोंड हसलं.

हे वाक्य मी तिला दिलं होतं. मी ते इतकी वर्षं इतक्यांना दिलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. पण तिच्या आवाजात ऐकलं, तेही एवढ्या आत्मविश्वासाने, आणि मला तिथे उभं राहवेना.

तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या अक्षरात हे कुठेच लिहिलेलं नाही. त्या दिवशी चार वाजता माझी टायपिंगची परीक्षा होती. चादरींचा ढीग संपल्याशिवाय बाबा सोडणार नव्हते. व्हॉल्व्ह सकाळपासून फुसफुसत होता, प्रेशर टिकत नव्हतं, प्रेस तापत नव्हती. तू कोळसा उतरवून घ्यायला रस्त्यावर जाताना मला बजावलंस, "त्याला हात लावू नकोस, संध्याकाळी बॉयलर गार झाला की मी उघडून बघतो." तुझी पाठ वळली आणि मी हँगरची तार काढून व्हॉल्व्हचा दांडा खाली बांधून टाकला. प्रेस मस्त तापली. मी गाणं म्हणत होते. अर्ध्या तासाने बाबा पाइपाजवळ वाकले आणि सांधा उडाला.

तू धावत आलास. आधी बॉयलरखालचा विस्तव बाहेर ओढलास, मग बाबांना बाहेर काढलंस, मग परत आत जाऊन तार तोडून खिशात घातलीस. ते मी पाहिलं. हॉस्पिटलमध्ये बाबांनी विचारलं, "व्हॉल्व्हला हात कोणी लावला?" तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं होतं तू थोडा थांबशील, मला बोलायला वेळ देशील. तू थांबला नाहीस. "मी," म्हणालास. आणि मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाज मला आजही वाटते. बाबा तुला घराबाहेर काढत होते तेव्हा मी दाराला टेकून उभी होते. तुझ्या पिशवीचा बंद तुटला होता, तू ती काखेत धरून निघालास. मी सतरा वर्षांची होते हे खरं. पण छत्तीस वर्षांचीही झालेच की.

प्रदर्शनाहून घरी आलो, दुपारचे तीन वाजले असतील. गिरमिट डबा टेबलावर ठेवून बुटांचे बंद सोडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. "बाबा, व्हॉल्व्ह दादाने बांधला नव्हता. मी बांधला होता."

ते खुर्चीत बसले. मग विचारलं, "कशाने?"

"हँगरच्या तारेने."

"एकेरी की दुहेरी?"

"दुहेरी."

"हं." त्यांनी मान हलवली. "तो सुतळी म्हणाला होता. सुतळी त्या वाफेत पाच मिनिटं टिकली नसती. चाळीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस मी, मला एवढं कळायला नको होतं?" मग खूप हळू म्हणाले, "रागात होतो. मला कोणीतरी हवा होता."

ते उठून खोलीत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, औषधं घेतली, पण बोलले नाहीत.

गिरमिट एक बूट पायात तसाच ठेवून बसली होती. "मग मामाने खोटं का सांगितलं?"

"मला वाचवायला."

"आणि तू?"

या पोरीच्या प्रश्नाला पहिल्यांदाच मी सरळ उत्तर दिलं. "भित्री होते म्हणून. आणि नंतर सवय झाली म्हणून."

ती रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाची वही घेऊन माझ्यासमोर आली. त्यांच्या सरांचा नियम आहे, चुकलेली नोंद खोडरबरने पुसायची नाही. एक रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं. 'विषय निवडण्याचे कारण' या पानावर तिने 'मामाने' या शब्दावर रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं 'आईने'. म्हणाली, "इथे पालकांची सही लागते." मी केली. ती वही तिने नेऊन सरांना दाखवली, आणि सरांच्या फोनवरून त्या इंजिनिअर बाईंनाही कळवलं. बाई काय म्हणाल्या ते तिने मला सांगितलं नाही. सध्या माझ्याशी कामापुरतं बोलते. त्यात तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

आज सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. मी भाजी चिरत होते. म्हणाले, "त्याचा पत्ता आहे तुझ्याकडे." प्रश्न नव्हता तो. डाळीच्या डब्यामागचं पाकीट बघितलं असावं त्यांनी.

मी म्हटलं, "आहे. त्याला ये म्हणून लिहू?"

"नाही," म्हणाले. "मी त्याला बाहेर काढला. आता मी त्याला ये म्हणणारा कोण? मी येऊ का, असं विचार."

ते शब्द जसे म्हणाले तसे लिहिले आहेत, माझं एकही अक्षर त्यात नाही. त्यांना जिने चढवत नाहीत, पण तुझ्याकडे कितवा मजला आहे हे विचारायचं नाही, असं मला दोनदा बजावलंय. गिरमिटही यायचं म्हणते. तिला तुला इंजिन दाखवायचं आहे, आणि माझी खात्री आहे की ती तुला दारातच विचारेल, सुतळी का म्हणालास. उत्तर तयार ठेव.

माफी मागायला मी चार वेळा पेन टेकवलं. जे लिहिलं ते माझंच मला ऐकवेना, म्हणून ते राहू देते. समोर मागायची असेल तर मागेन, तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील तिथे.

त्या दोघांना लवकर या म्हण. पहिल्या पत्रात बाबांचं वय सांगितलं ते तू घाई करावीस म्हणून नव्हे, असं लिहिणार होते. पण त्यासाठीच सांगितलं होतं. मला ये म्हणायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालास तर मी त्यांना स्टँडवर बसमध्ये बसवून देईन आणि परत फिरेन.

व्हॉल्व्ह बांधणारी,
तुझी बहीण