सेबरच्या पात्याला दिलेलं पाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार
अत्यंत खेदाने नोंद करतो की आज दाराआडच्या कोपऱ्यातून माझ्या चपला पदच्युत झाल्या. चौदा वर्षांचा निर्वेध ताबा होता. आता तिथे इराची फेन्सिंगची पिशवी उभी, जवळजवळ तिच्याच उंचीची. चपला जिन्यात, शेजारच्या कुत्र्याच्या कृपेवर. रीतसर तक्रार केली. कन्या (वय सोळा) म्हणाली, "बाबा, चपला कुठेही ठेवल्या तरी वाकत नाहीत. माझं सेबर वाकतं."

सेबर म्हणजे त्यांच्या खेळातली तलवार. वाकतं हे मात्र खरं. पिंपरी कॅम्पातून घेतलेलं स्वस्त पातं, तीन आठवड्यांत शेवग्याची शेंग झालं. रोज बुटाखाली धरून ओढून सरळ करते, दोन फटके मारले की पुन्हा शेंग. २९ तारखेला राज्य संघाची निवड चाचणी. तोवर टिकेल आणि मला झेपेल असं पातं शोधणे, हे काम माझ्याकडे. संस्कृतात तलवारीला नावं चिक्कार. त्यातली कुठली विकत घ्यावी हे एकाही कोशकाराने लिहून ठेवलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कासारवाडीच्या हॉलवर मॅडमना गाठलं. इराच्या कोच. मोजकं बोलतात, मला पत्रकार म्हणून आणखी मोजकं. स्वस्त पातं मऊ असतं, म्हणाल्या. सर्वांत महाग ते मोठ्या स्पर्धावाल्यांना. मधलं घ्या, प्रमाणित शिक्का असलेलं. सेबरच्या पात्यात गुण नोंदवणारी वायर नसते, त्यामुळे फेन्सिंगच्या बाकी प्रकारांपेक्षा तसं स्वस्तच पडतं.
"तसं स्वस्त" म्हणजे किती, ते ऐकून पाणी प्यायलो. विचार करतो म्हटलं. 

९ नोव्हेंबर, रविवार
संजय जेवायला आला. सौ.चा धाकटा भाऊ, चाकणला हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये सुपरवायझर. शेंग हातात घेऊन इतका हसला की वरण सांडलं.
"दाजी, हे पातं हाय का शिकरण? मऊ हाय म्हणून वाकतंय. आणा इकडं, पाणी देऊन देतो."
"पाणी?"
"हार्ड करायचं ओ. उद्या पिनांचा लॉट लागतोय, त्याच ट्रेमध्ये टाकतो. नवं कशापायी घेता?"
या कारखान्यांच्या पट्ट्यात असंच. काहीही बिघडलं की कुणाचा तरी मेहुणा कुठल्या तरी शॉपमध्ये असतोच. आमचा मिक्सर, गॅलरीचं ग्रिल, माझ्या चष्म्याची काडी, सगळं चाकणहून बरं होऊन आलंय. पातं दिलं. मॅडमना विचारावं असं एकदा मनात आलं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पातं परत आलं. काळसर निळी झाक, भलतंच देखणं. संजयने कानस मारून दाखवली, नुसती घसरते. "बघा. आता वाकंल का? न्हाई वाकत." इराने हवेत दोन हात मारले. मामाला मिठी. मी त्या मधल्या पात्याचे पैसे वाचले म्हणून सौ.साठी गुलाबजाम आणले. हे सगळं लिहून ठेवतो, कारण

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मोडलं.
कालची ओळ तशीच अर्धी राहू दे.
मी हॉलमध्येच होतो. समोर प्राजक्ता, इराची रोजची जोडीदार. इराचा फटका प्राजक्ताच्या हाताकडे, प्राजक्ताने मध्ये सेबर घातलं, आणि कपबशी फुटल्यासारखा आवाज. तुकडा भिंतीला लागून बाकाखाली गेला. पण इराचा हात वेगात होता, मुठीकडचं उरलेलं थोटूक तसंच पुढे गेलं. प्राजक्ताच्या जॅकेटची बाही मनगटापासून कोपरापर्यंत फाटली.
बाही वर केली. आत तांबडी रेघ. कातडी फुटलेली नाही. मॅडमनी हात दिव्याखाली धरून तीनदा पाहिला. मी चौथ्यांदा.
प्राजक्ता म्हणाली, "काका, तुम्ही खाली बसा आधी." बसलो.
मग मॅडमनी तुकडा उचलला. "हा रंग कसा आला?"
इराने माझ्याकडे पाहिलं. सांगितलं मी. वार्ताहराला इतकी छोटी बातमी द्यायला इतका वेळ लागल्याचं ऐकिवात नाही.
"पातं वाकतं म्हणून समोरची वाचते, सर. अति वाकू नये, एवढंच. तुम्ही वाकणंच काढून टाकलंत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
प्राजक्ताच्या घरी गेलो. वडील जाधव, प्रेस शॉपमध्ये, मूळचे नांदेडकडचे. सेकंड शिफ्टला निघाले होते, पायात सेफ्टी शूज. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मेहुण्यासकट. त्यांनी बुटाची नाडी आवळली. मग:
"पाणी दिल्यावर टेंपर केलं होतं का?"
"काय?"
"पुन्हा थोडं तापवतात सर. कडकपणा उतरवायला. नाहीतर काच होते."
तिथूनच संजयला फोन. स्पीकरवर. "टेंपरिंगची भट्टी रिकामी नव्हती... पातळ हाय, म्हटलं चालंल." मग, "पोरीला लागलं का ओ?" हे तीनदा.
जाधव म्हणाले, "आमच्या प्रेसची डाय, म्हणजे साचा, अशी करून दिली असती तर तुमच्या मेव्हण्याला दारात उभं केलं नसतं." हसले. मग हसले नाहीत. "पुढचं पातं आणाल ते आधी मला दाखवा." कंपनीची बस आली, चढले.
घरी येऊन पोटभर झोपलो. दुपारी. कित्येक वर्षांनी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमच्या ऑर्डरमधून पाती आली. मधली, शिक्क्याची. इराला दोन, म्हणजे सराव एकावर, चाचणीला दुसरं. प्राजक्ताला जॅकेट माझ्याकडून. जाधव नको म्हणत होते, मी वर्तमानपत्रात बातमी देईन अशी धमकी दिली.
पाती आधी त्यांच्याकडे नेली, सांगितल्याप्रमाणे. त्यांनी टोक जमिनीला टेकवून हळू दाबलं, सोडलं, डोळ्याशी धरून लांबी पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला. "चांगलं येतंय परत." मला इतका आनंद परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता. शिक्क्याला मान आहेच, पण जाधवांचा अंगठा वेगळा.
मॅडमचे फळ्यावरचे नियम लिहून आणले: घाम लागला की पुसायचं, कडेला खाच पडली की कानशीने घासायची, भेग दिसली की फेकायचं, मोह नको. संजयला पात्यांना हात लावायची बंदी. बाहेर उभा राहून तेलाचं फडकं देऊन गेला. "एवढं तरी करू द्या की, दाजी."

२२ नोव्हेंबर, शनिवार
चार दिवस रोज सराव, पातं सरळ. किंचित वाकतं, बुटाखाली एकदा ओढलं की पूर्ववत. सौ. म्हणते, तुझा चेहराही. हिंजवडीत एका कंपनीचा कार्यक्रम होता, ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो आणि चक्क शीळ घातली. कॅबवाल्याने आरशातून पाहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळ. चाचणी. हॉलबाहेर पायरीवर बसून लिहितोय. तपासणीत इराची दोन्ही पाती पास. प्राजक्ताचंही. संजय कामावरून रजा टाकून आलाय, नारळ घेऊन, तो कुठे फोडायचा ते कुणी सांगेना. जाधव नाइट करून थेट आलेत, डोळे लाल.
पात्यांची काळजी खरोखर मिटली. छातीवरचं ओझं गेलं. देवाशपथ.
आता जे आठ दिवस कुणाशी बोललो नाही ते. इरा फटका मारताना शेवटच्या क्षणी हात आखडते. प्रत्येक वेळी नाही. प्राजक्ता समोर असली की हमखास. तेवढ्यात प्राजक्ता गुण घेते, इरा मास्क काढून हसते, "दमले." दमलेली नसते. मॅडमना दिसलं असणारच. मी विचारलं नाही, कारण विचारलं की तिला कळेल मला दिसलं.
ती भीती माझ्यामुळे आहे. ती तिच्या हातातून कधी निघणार नाही असं मला वाटतं, आणि हे खोटं ठरावं म्हणून काय करायचं ते मला माहीत नाही.
नावं पुकारली. पहिलीच लढत. इरा, आणि प्राजक्ता.