लांडग्यांचा ताबा

होटगी, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप शकुंतलाताईस,
धाकट्या चिंतामणीचा शि. सा. न. वि. वि.

वनसेवेच्या एकोणतिसाव्या वर्षी तुझा बंधू धर्मसंकटात सापडला आहे. येथील माळावर वृक्षारोपण ठरले असून ‘या जागी वन्यप्राणी नाहीत’ या दाखल्यावर वनक्षेत्रपाल म्हणून माझी स्वाक्षरी अपेक्षित आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर. लांडग्यांचे बीळ मी स्वचक्षूंनी पाहिले आहे. प्रौढ दोन, पिल्ले चार. खड्डे नेमके त्यावरच येतात. साहेबांचे तर्कशास्त्र असे, की बारा वर्षांत लांडग्याविरुद्ध एकही तक्रार नाही, अतएव लांडगाच नाही. या न्यायाने भावोजींचे अस्तित्व मात्र वादातीत ठरते.

स्वाक्षरी करणार नाही. आशीर्वाद असावा, नसल्यासही करणार नाही.

तुझा,
चिंतामणी

जुळे सोलापूर, ७ फेब्रुवारी

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि तुला लांडग्यांची वकिली सुचली! झाडं नकोत म्हणणारा वनाधिकारी माझा भाऊ आहे, हे सोसायटीत कोणत्या तोंडानं सांगू? मे महिन्यात तुझ्या इंद्रायणीचं लग्न. बदली झाली तर धावपळ कोण करणार, लांडगा? मुकाट्यानं सही कर.

एक मात्र कळेना. लांडगा कोकरं नेतो, तर धनगर तक्रार का करत नाहीत? ते आधी विचार. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

होटगी, १ मार्च

तीर्थस्वरूप ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाने प्राणिशास्त्राची लाज राखली. माळावर मेंढरे चारणाऱ्या निंगव्वाला विचारले. म्हणाली, की वर्साला चार कोकरं न्हेतोय की, पर तक्रार कसली करायची, त्यो त्याचा वाटा हाय. तथापि माझ्या विनंतीवरून तिने नेलेल्या कोकरांच्या पंचनाम्यावर अंगठा उठवला. भरपाईच्या रकान्यात काय लिहू, असे विचारताच, माळ मोकळा ठिवा म्हनून लिवा, असे तिने बजावले. तेच अक्षरशः लिहून वर पाठवले.

साहेबांनी कागद मागे घेण्याचे सुचवले. मी नकार सुचवला. परिणामी माझी रवानगी लाकडाच्या आगारात झाली आहे. तेथे चतुष्पाद म्हणजे केवळ टेबले.

काल कार्यभार सोपवला. यादीत लिहिले: जीप एक, दुर्बीण एक, कपाटे तीन, लांडगे सहा. नवे वनक्षेत्रपाल नंदीश यांनी ती दोनदा वाचली. मोजल्याविना ताबा घेत नाही, असे म्हणून त्यांनी मला माळावर नेले, पालथे पडून दुर्बिणीतून पिल्लांसकट सहाही लांडगे मोजले, आणि परत येऊन सही केली.

आता कुणी तो दाखला मागितला, तर ताब्यातले सहा लांडगे कुठे गेले, हे आधी सांगावे लागेल.

लग्नाच्या धावपळीस मी हजर आहे. लोभ आगाराच्या पत्त्यावर पाठवत जावा.

तुझा,
चिंतामणी