तेवीस मिनिटं चाळीस सेकंद

रायपूर, पुरानी बस्ती
१८ ऑक्टोबर २००४

चि. सुशील यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू भराभर सांगितलंस, मला अर्धंच कळलं. म्हणून लेखी कळवतो, तूही लेखीच कळव. एकतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. लेखी हुकूम हातात असल्याशिवाय गाडी हलवायची सवय नाही.

शर्मिष्ठा मागच्या दिवाळीत बंगळूरहून आली तेव्हा तिचा व्हिडिओ कॅमेरा आणि जुना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली, हे तुला माहीत आहे. तुझ्या ताईचं चित्रण असलेली कॅसेट ती एकच. मीच काढलेली. तू सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि कॅसेट आत उतरवून घ्यायचं ते कॅप्चरचं बटण दाबलं. चित्र सुरू होतं आणि मधेच थिजतं. माऊस हलत नाही. कॅमेऱ्यातली कॅसेट मात्र फिरत राहते. शेवटी भिंतीवरचा स्विच बंद करावा लागतो. आतापर्यंतची नोंद अशी: सोमवारी ७ मिनिटं १० सेकंदांवर अडकली, मंगळवारी १९ मिनिटं ५ सेकंद, बुधवारी २ मिनिटं, गुरुवारी १४ मिनिटं ३० सेकंद. पंडरी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातला भैया येऊन बघून गेला. अंकल, गरम होकर हँग हो रहा है, पंखा लगा लो, असं म्हणाला. टेबलफॅन लावला. ९ मिनिटांवर अडकली.

कॅसेट कुणाबरोबर नागपूरला पाठव म्हणालास, ते जमणार नाही. ती मी हातची सोडणार नाही.

बाकी ठीक. शर्मिष्ठा फोनवर रोज विचारते, बाबा, कैसा लग रहा है. काही वाटत नाही, असं मी तिला सांगतो, आणि ते खरंच आहे. जानेवारीत ताई गेली तेव्हाही सगळे रडत होते आणि मी मांडवाच्या दोऱ्या आवळत होतो. जेवतो, झोपतो. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दिवाकर


नागपूर
२६ ऑक्टोबर २००४

ति. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी सगळ्यांना दाखवलं. बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिलो, पण बिघाडाची अशी मिनिट-सेकंदावारी नोंद देणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मुलांना म्हटलं, शिका जरा.

आता लेखी हुकूम. एक, अँटी व्हायरस बंद करा. दोन, स्क्रीन सेव्हर बंद करा, म्हणजे पडद्यावर ते मासे फिरतात ते. तीन, कॅमेऱ्याची वायर जिथे लागते ते कार्ड आतल्या दुसऱ्या खाचेत बसवा. माझा संशय असा, की आवाजाचं कार्ड आणि हे, दोघं एकाच रस्त्यावर धावत आहेत. एका लाइनवर दोन गाड्या म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगू? दुकानातल्या त्या भैयाकडून करून घ्या, पण स्वतः समोर उभे राहा. चार, कॅप्चर चालू असताना दुसरं काही उघडू नका आणि समोरून उठू नका.

मी स्वतःच आलो असतो, पण आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून कॉलेजची वेळ सोडली तर तिला टाकून तासभरही जाता येत नाही. डोळे तर गेलेच आहेत. चौऱ्याऐंशी चालू आहे आणि आता अन्नही कमी झालं. रोज सकाळी एकच विचारते, काहून रे, शांतेचा आवाज कधी आयकवतं मले? चित्र तिला दिसायचं नाही. तिला आवाज पाहिजे. डॉक्टर फार दिवसांचं बोलत नाहीत, भाऊजी. म्हणून घाई करतो, राग मानू नका.

दिवाळीत एकटे बसू नका. थोडं तरी गोडाधोडाचं करून घ्या. आहे ती माया अशीच राहू द्यावी.

आपला,
सुशील


रायपूर
१७ नोव्हेंबर २००४

चि. सुशील यास,
अ. उ. आ. वि. वि.

चारही हुकूम पाळले. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं, मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. तुझं निदान बरोबर निघालं. आता मधे कुठे अडकत नाही. पण पुढे जाऊन अडकतेच. नोंद: ८ तारखेला २३ मिनिटं ४० सेकंद. ९ तारखेला २३ मिनिटं ४० सेकंद. ११ तारखेला २३ मिनिटं ४१ सेकंद. १५ तारखेला २३ मिनिटं ४० सेकंद. दर वेळी स्विच बंद करावा लागतो, आणि झालेलं सगळं वाया जातं.

तिथपर्यंतचं चित्र स्वच्छ आहे. आधी अंगण, मग आकाशकंदील, महामाया मंदिराकडे जाणारी गल्ली, शर्मिष्ठा रिक्षात बसून निघते ते. ताई अजून आलेली नसते. ती नंतर येते.

दिवाळी झाली. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांनी फराळ आणून दिला. खाल्ला. चव सांगता यायची नाही. फराळ कसा लागला म्हणून शेजारणीने विचारलं, कइसे लागिस भैया, तर मी हव, म्हणजे हो, म्हणालो. ती हसली. काय चुकलं ते मला नंतर कळलं.

मशीनच जुनं असावं. आणखी काही उपाय असल्यास लेखी कळव. आईंचा आवाजाचा आग्रह समजतो. माझा नाइलाज आहे.

तुझा,
दिवाकर


नागपूर
२५ नोव्हेंबर २००४

ति. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे. लहान तोंडी मोठा घास होतो आहे, सांभाळून घ्या.

मशीनचा बिघाड कधी सातव्या मिनिटाला, कधी एकोणिसाव्या, असा भटकत असतो. तुमच्या पहिल्या पत्रात तो तसाच होता, म्हणून मला सापडला. चार वेळा तेवीस चाळीसलाच थांबेल इतकी वक्तशीर मशीन मी पाहिलेली नाही. आपल्या घराण्यात इतका वक्तशीर एकच माणूस आहे. तुम्ही कारण वेगळं लिहिलंत, भाऊजी, पण वेळ खोटी लिहिणं तुमच्याच्यानं झालं नाही.

तेवीस चाळीसला ताई येते ना?

मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्याही हातून ते बटण बंद झालं असतं. पण मागच्या आठवड्यापासून आईने पेजेपलीकडे काही घेतलेलं नाही. कालही विचारलं, आयकवतं का म्हणून. मी म्हटलं, भाऊजी करून राहिले. ती म्हणाली, दिवाकर म्हणतो तर करीन तो, त्याची गाडी उशिरा येते पण येते.

आता याच्यावर मी काय लिहू? या वेळी हुकूम नाही, विनंती आहे. आमच्यावरचा जीव तेवढा कायम असू द्या.

आपला,
सुशील


रायपूर
५ डिसेंबर २००४

चि. सुशील यास,
अ. उ. आ. वि. वि.

अडकली असं मी लिहिलं ते खोटं होतं. मिनिटं खरी होती. तुझ्यापाशी कबूल करतो.

तेवीस चाळीसला तुझी ताई स्वयंपाकघराच्या दारात येते. हात पदराला पुसते, थेट माझ्याकडे बघते आणि म्हणते, बंद करा नं ते आता, पोळ्या थंडावून राहिल्या. चौतीस वर्षं ती बंद करा म्हणाली की मी बंद करत आलो. रेडिओ, पंखा, भांडण. त्या दिवशीही कॅमेऱ्याच्या बाजूचं, छोट्या पडद्याचं झाकण मिटून मी तो फडताळावर ठेवला आणि जेवायला बसलो. म्हणजे पुढे कॅसेट कोरीच असणार, असं मी धरून चाललो होतो. काम पुरं झालं की ती संपली. अडकलेलं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात येणार होती. म्हणून स्विच बंद करत होतो.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस काही केलं नाही. काल सकाळी चालू केली आणि हात मांडीखाली घेऊन बसलो. ती बंद करा म्हणाली. मी केली नाही.

सुशील, झाकण मिटल्याने कॅमेरा बंद होत नाही. हे मला माहीतच नव्हतं. कॅसेट शेवटपर्यंत भरलेली आहे. चित्रात फक्त भिंत आणि कॅलेंडरचा कोपरा, पण आवाज सगळा आहे. आईंना चित्र नकोच होतं. छत्तीस मिनिटं ती वाढते आणि बोलते. लहानपणी तू विहिरीत चप्पल टाकली होतीस, ते आहे. संक्रांतीला नागपूरला जाईन, आईजवळ महिनाभर राहीन, तिच्या डोक्याला तेल लावून देईन, असं आहे. ते कापू नकोस. आईंना ऐकू दे.

माझा आवाजही आहे. छत्तीस मिनिटांत मी चार वेळा हं म्हटलं आहे. मोजलं. दुसरं काही नाही. शेवटी ती विचारते, भाजी कशी झाली होती, सांगतच नाही तुम्ही. त्यावर माझं ताट सरकवल्याचा आवाज येतो, आणि कॅसेट संपते.

काल मी तिला सांगितलं. चांगली झाली होती, मीठ बरोबर होतं, असं त्या मशीनसमोर मोठ्याने सांगितलं. मग मला रडू आलं. जानेवारीपासून पहिल्यांदा. पुष्कळ वेळ रडलो.

कॅसेट आणि सीडी दोन्ही घेऊन मी स्वतःच मंगळवारच्या गाडीने निघतो. आईंना सांग, येतोय. कॅप्चर किती वाजता पूर्ण झालं, ती नोंद मात्र या वेळी लिहायची राहिली.

तुझा,
दिवाकर