एका कुटुंबाला एक फॉर्म

प्रिय रोहायाताई,

डबी पोचली. आधी एवढंच वाच, श्वास सोड, मग पुढचं वाच.

तुमच्या कुकुपहून बोट सुटली आणि मी कस्टमचा फॉर्म हातात घेतला. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे छापील प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला माझा हात धजत नाही. त्यात विचारलं होतं, प्राणी, मासे, झाडं किंवा त्यांच्यापासून झालेलं काही आणलंय का? माझ्या पिशवीतल्या डबीत तुझ्या लेकीची वाळलेली नाळ होती. तुमच्या सातव्या मजल्यावर पुरायला माती नाही, म्हणून तू ती माझ्या हाती दिलेली. माणूस प्राण्यात धरायचा का, हे फॉर्मवर कुठेच नव्हतं. मी ‘नाही’ लिहिलं, खोडलं, ‘हो’ लिहिलं. शेजारच्या मावशींच्या पिशवीतून डुरियनच्या फळझाडाचं रोप डोकावत होतं आणि त्यांनी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं होतं. माझी खाडाखोड बघून म्हणाल्या, “पोरी, एवढं खरं लिहिणार असशील तर डोक्यातल्या उवाही लिही.”

इकडे आपल्या करीमुनच्या धक्क्यावर मावशी सुटल्या, मला बाजूला घेतलं. तरुण साहेबांनी डबी उघडली आणि दचकून त्यांच्या वरच्या बाईंना बोलावलं. जप्त झाली तर तुला काय सांगणार होते मी? बाईंनी कापूस उलगडला, हळदीचा वास घेतला आणि विचारलं, कुठे पुरणार? मी खरं तेच सांगितलं, की ताईनं बाबांना न विचारता लग्न केलं, दोन वर्षं घरात तिचं नाव निघत नाही, आणि बाबा अंगणात खड्डा खणू देतील की नाही, ठाऊक नाही. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, अशी वस्तू बंदीत नाही म्हणाल्या, खाडाखोडीपाशी सही करायला लावली. मग डबी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “खोल पूर हं. कोंबड्या उकरतात.”

घरी मी ती भाताच्या ताटाशेजारी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. आई उगाचच चुलीशी काहीतरी हलवत राहिली. बाबांनी ताट संपवलं, हात धुतले. मग विचारलं, “कस्टमवाल्यांना खरं सांगितलंस? माझंसुद्धा?” मी हो म्हटलं. “आणि तरी सोडलं त्यांनी?” एवढं बोलून ते फावडं घेऊन मागे गेले. तुझी नाळ पुरून जो माड लावलाय ना, त्याच्याच शेजारी खणायला लागले. गुडघाभर खोल झालं तरी थांबेनात. शेवटी आईच म्हणाली, विहीर काढताय का?

नाळ पुरून, हात धुऊन त्यांनी मला वही आणायला सांगितली. हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहितेय, ताई. पोर मान धरायला लागली की तिला घेऊन ये, जावयांनाही आण. कोणत्या बोटीनं येताय ते कळव, बाबा धक्क्यावर येणार आहेत. तान्ह्या बाळाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो का, हे त्यांनी काल तीनदा विचारलं. मी आज मुद्दाम धक्क्यावर जाऊन विचारून आले. एका कुटुंबाला एकच पुरतो.

तुझीच,
सुहैला