दसऱ्याची चिंच

मुंबई, ता. ३ सप्टेंबर १९८९

ती. स्व. आजीस ललितचा सा. नमस्कार वि. वि.

आजोबांचा सॅक्सोफोन मिस्त्रीने सगळा खोलला. छिद्रांवरच्या चामड्याच्या गाद्या उंदरांनी खाल्ल्यात, त्या नव्या बसतील. अंगावर आकडा सापडला, त्यावरून बाजा पॅरिसचा, साठेक वर्षांपूर्वीचा निघाला. पण पुढच्या कर्ण्यावर तळहाताएवढी जागा घासून पार पातळ झालीय. तिथं काय होतं? बाजा आला कुठून? आजोबा दमणच्या बँडात वाजवायचे, म्हणून चौकशीला दमणला जावं म्हणतो. गुड्डीला उत्तर लिहायला बसव.

तुझा, ललित


आमली, सिल्वासा, ता. १२ सप्टेंबर १९८९

चि. ललितास कोंडाबाईचे अनेक आशीर्वाद.

मी बोलतेय, तुझी बहीण लिहितेय. चुका तिच्या, शहाणपण माझं. स्वतःला बायको शोधायची सोडून बाज्याचे आईबाप शोधतोयस, चालू दे. पण दमणला जाऊ नकोस.

त्या घासलेल्या जागी नाव होतं. बाजा घेऊन तुझे आजोबा सुरंगी गावातल्या घरी आले, तेव्हा ढोलवाल्याच्या भिमाबाईनं सांगितलं, दमणच्या बाईनं दिलाय, नावही तिचंच. मला अक्षर येत नाही, आणि सवतीचं नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यायला मी काय खुळी होते? दसऱ्याला बाजा पुजायचा, त्याआधी चिंच-राखेनं तेवढी जागा घासायची. बावीस वर्षं. तुझा बाप शाळेत गेला नाही. तू वाचायला लागलास तोवर नाव गेलं होतं. जेवायला वाढलंय, यापलीकडं मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटचं पाणी पाजलं तेही मुकाट्यानं.

ते नाव उकरून माझ्या दारात आणू नकोस. तुझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

आजीचा अंगठा


मुंबई, ता. २८ सप्टेंबर १९८९

ती. स्व. आजीस सा. नमस्कार.

रागाव, पण दमणला जाऊन आलो. तिथल्या बँडमास्तरचा मुलगा भेटला. पोर्तुगीज गेले, बँड मोडला, मास्तरांना ऐकू येईना, म्हणून त्यांनी बाजा आपल्या हाताने आजोबांना दिला. बाई कोणी नाही. नाव आजोबांनी सोनाराजवळ बसून कोरून घेतलं.

मिस्त्रीने दिवा तिरपा धरला, पुसट रेघा दिसल्या, मी पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कागद सोबत आहे. गुड्डी वाचेल.

तुझा, ललित


आमली, सिल्वासा, ता. ११ ऑक्टोबर १९८९

चि. ललितास आशीर्वाद.

गुड्डीनं कागद वाचला. मग पाटीवर माझं नाव लिहून शेजारी ठेवलं. वळणं तीच. माझं नाव कसं दिसतं ते मी जन्मात तिथंच बघितलं होतं, पुसताना. भिमाबाई मेली, नाहीतर आत्ता उठून गेले असते.

काल दसरा झाला. दरवर्षी दादऱ्याच्या बाजारातून चिंच तेच आणायचे. मी घासायला बसले की ओट्यावरून बघत हसायचे. एकदा म्हणाले, "कोंडा, एवढं चमकवू नकोस, दृष्ट लागेल." मला वाटलं, केवढा निर्लज्ज माणूस.

मिस्त्रीला सांग, नाव परत कोरू नको. बाजा वाजता करून आण, मी ऐकेन.

गुड्डी खाली माझं नाव लिहीत होती. नको म्हटलं.

आजीचा अंगठा